द्वारकाताईंची खापरं

लग्न होऊन फणसवाडीतल्या चाळीत आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. पुढे ते हळूहळू कमी होत गेलं. तर या सर्वज्ञ सूनबाईंनी, हातावरची मेंदी पुरती उतरायच्या आत, शेजारच्या खोलीतल्या बाईवर कबुतरं मारून खाल्ल्याचा आळ घेतला.

पुरावा होता ना! दर रविवारी सकाळी त्या बाई एक लांबट खाकी पिशवी खांद्याला लावून बाहेर पडत. दुपारी परत येत तेव्हा पदराला दिवाळीच्या फटाक्यांसारखा वास. एका रविवारी जिन्यात कुणीतरी विचारलं, "काय द्वारकाताई, आज किती?" त्या म्हणाल्या, "एकवीस पक्षी पाडले. चार सुटले." मी मागेच कळशी घेऊन उभी. एकवीस! आमच्या चाळीच्या चौकात कबुतरं उतरत, मालक शेठ रोज त्यांना ज्वारी टाकत. मी गॅलरीतून खाली पाहिलं, तर मला ती कमीच वाटली. मी बेळगावची, शाळेत पहिल्या नंबरानं पास झालेली. दोन आणि दोन चार करायला मला कितीसा वेळ लागणार? घरात जाऊन सासूबाईंच्या कानात सांगितलं. सासूबाईंच्या कानात सांगणं म्हणजे नळावर सांगणं, आणि नळावर सांगणं म्हणजे ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत सांगणं.

संध्याकाळी शेठ स्वतः दोन जिने चढून आले. धोतराचा सोगा हातात, दम लागलेला. द्वारकाताईंच्या दाराशी हात जोडून म्हणाले, "बेन, या महिन्याचं भाडं नको देऊ. पण असं पाप नको करू."

सगळी चाळ गॅलरीत लोटली होती. द्वारकाताई बाहेर आल्या. उंच, सावळ्या, चाळिशीकडे झुकलेल्या. अंबाडा इतका घट्ट की त्यात एक आकडा जास्त घातला असता तर भुवया कपाळावर गेल्या असत्या. त्यांनी शेठचं सगळं ऐकून घेतलं, आत गेल्या, आणि बशीएवढी एक काळी गोल चकती आणून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"हा पक्षी. डांबर आणि माती. यंत्रातून हवेत उडवतात, मी बंदुकीनं फोडते. घरी न्या, फोडणी देऊन बघा शिजतो का."

शेठनी चकती उलटसुलट करून पाहिली. "पण मग याला पक्षी कशाला म्हणते?"

"साहेब लोक पूर्वी खरीच कबुतरं उडवून मारायचे. मग त्यांना दया आली."

"साहेबांना?" शेठ म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर जो अविश्वास उमटला त्याला सगळी चाळ हसली.

मी सोडून. कारण द्वारकाताईंनी गर्दीवरून एकदाच नजर फिरवली आणि ती नेमकी माझ्यावर येऊन थांबली. कसं कळलं देव जाणे. "काय गो, मी कबुतरां खातंय असा तुका कोणी सांगल्यान?" मी सासूबाईंच्या मागे सरकले. सासूबाई माझ्या मागे सरकल्या. "चला," द्वारकाताई म्हणाल्या, "सगळ्यांची तीन मिनिटं झाली," आणि दार लावून घेतलं.

हे तीन मिनिटांचं प्रकरण मला नंतर कळलं. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलच्या बोर्डावर होत्या. कानाला हेडफोन, हातात वायरी. या गावची लाईन त्या गावाला जोडायची आणि तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून तसं सांगायचं. ही सवय अंगात इतकी मुरली होती की जिन्यात कुणी गाठून सुनेच्या तक्रारी सांगू लागलं, तर त्या मान हलवत ऐकत आणि मध्येच अगदी गोड आवाजात "तीन मिनिटं झाली" म्हणून चालू लागत. हातात घड्याळ नसे. आमच्या ह्यांनी एकदा चोरून घड्याळ लावून पाहिलं. चोख निघाली.

त्यांच्या लग्नाविषयी चाळीत दोन पक्ष होते. एकाचं म्हणणं, नवरा बोटीवर गेला तो गेलाच. दुसऱ्याचं म्हणणं, लग्न झालंच नाही, बंदूक बघून स्थळं परत गेली. सासूबाई दोन्ही पक्षांत होत्या. द्वारकाताईंना विचारायची छाती कुणाचीच नव्हती. खरी माहिती एवढीच, की त्यांचे वडील कोकणातल्या एका लहानशा संस्थानात राजाच्या बंदुका पुसायला होते. जन्मभर पुसल्या, उडवली एकही नाही. तशी परवानगीच नव्हती. संस्थान गेलं तेव्हा राजानं जाता जाता एक जुनी दुनळी बंदूक त्यांना बक्षीस दिली. तोवर म्हाताऱ्याचे डोळे गेले होते. मग तो मुलीला अंगणात उभं करून नुसत्या आवाजावरून सांगे: लागला. चुकला. घाई केलीस.

आळ घेतल्याची शिक्षा मला पुढच्याच रविवारी झाली. सकाळी दारात उभ्या. "सुमन, चल. पिसं मोजायला कुणीतरी हवं."

सासूबाईंना आम्ही महालक्ष्मीला जातो म्हणून सांगितलं. अगदीच खोटं नव्हतं. देवळाकडे बसमधूनच हात जोडून पुढे जायचो, वरळीला. कोळीवाड्याच्या अलीकडे, समुद्राकडे तोंड करून, एका पारशी गृहस्थाची मोकळी जागा होती. रुस्तमजी नाव. पांढरी विजार, डोक्यावर टोपी, पोट पुढे. तिथे जमिनीत एक खड्डा, खड्ड्यात लोखंडी यंत्र, यंत्राला कमान आणि कमानीला लांब दोरी. दोरी ओढली की चकती सणकन समुद्रावर सुटायची. रुस्तमजींचा दोरी ओढणारा माणूस सोडून गेला होता. दोरी त्यांनी माझ्या हातात दिली. "डीकरी, वरती नाय बघायचा. कान ताईकडे, हात दोरीवर. बस."

द्वारकाताई उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, बंदूक खांद्याला. आणि ओरडल्या, "पुल!"

मी मान वळवून इकडेतिकडे पाहिलं. "पूल? कुठंय पूल?" मला एकच पूल ठाऊक होता, केनेडी पूल, आणि तो तर गिरगावात मागे राहिला होता.

रुस्तमजी खाली बसून हसले. द्वारकाताईंनी बंदूक उतरवली, बिजागरीपाशी उघडून काडतुसं काढली आणि मला समजावलं, की नेमबाज तयार झाला की हा शब्द म्हणतो, तो ऐकला की दोरी ओढायची. जगभर असंच म्हणतात.

आता इथे मी चूप बसले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण ते दिवस कसले होते! मुंबईसह महाराष्ट्र हवा म्हणून चाळ पेटली होती. भिंतीवर चुन्यानं तेच लिहिलेलं, आमचे हे संध्याकाळचे घरी सापडत नसत, कुठल्या ना कुठल्या सभेत. बेळगावात माझे वडील रस्त्यावर उतरलेले. अशा घरातली मी. मी दोरी खाली ठेवली आणि म्हटलं, "जगभर म्हणू देत. मुंबई मराठी माणसाची आहे. इथलं पाखरू इंग्रजीत नाही उडणार."

"मग कसं उडेल?" द्वारकाताईंनी विचारलं.

"ओढ म्हणा."

त्यांनी बंदूक खांद्याला लावून पुटपुटून पाहिलं. मान हलवली. "ओढ नको. ओढ म्हटलं की घसा आवळतो, खांदा वर चढतो." मग समुद्राकडे बघत म्हणाल्या, "ओढ बरी नसतेच, कसलीच." बंदूक पुन्हा खांद्याला लावली. "सोड म्हणते. सोड म्हटलं की सगळं सैल होतं बघ."

"सोड!" त्या ओरडल्या. मी दोरी ओढली. काळी चकती पाण्यावर गेली, बार झाला, आणि हवेत तिचा भुगा झाला. धूर, मग काही नाही, मग समुद्र. मला वर बघू नको म्हणून बजावलं होतं, तरी मी पाहिलंच. इतकं सुंदर काही फुटताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. घरात फुटायची ती कपबशी, आणि ती फुटली की सुंदर दिसत नसे.

तुकडे वाऱ्यानं कधी किनाऱ्यावर पडत. तिथे मासळी वाळत घालणारी एक कोळीण होती, ती कमरेवर हात ठेवून यायची. "गो बाय, तुजी खापरी माज्या सुकटीन परली!" द्वारकाताई मुकाट्यानं जाऊन तुकडे वेचून देत आणि तिच्याकडून थोडी सुकट विकत घेत. मी हा सगळा तंटा घरी येऊन सांगायची, कोळणीच्या आवाजासकट. महालक्ष्मीचं सोंग फार दिवस टिकलं नव्हतं. सासूबाई माझ्या पदराचा वास घेऊन म्हणाल्या होत्या, "सुमन, देवळात हल्ली दारू उडवतात का ग?" पण खापरी हा शब्द त्यांना भलताच आवडला. "लोक दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडतात," त्या नळावर म्हणाल्या, "ही बाई हवेत फोडते. कुणाला लागत नाही, खुपत नाही." आणि तेव्हापासून द्वारकाताईंच्या पाखरांना चाळीत खापरंच म्हणू लागले. शेठनी नेलेली ती एक चकती चौकात उलटी ठेवून दिली. कबुतरांना पाणी प्यायला.

मग गोळ्या चालल्या. खऱ्या.

त्या दिवसांविषयी लिहिणाऱ्यांनी लिहिलं आहे. मी गॅलरीच्या आत, बंद दाराआड होते. बाहेर आवाज होई आणि आम्ही बायका एकमेकींकडे बघत असू: फटाका की टायर? चाळीत एकच बाई अशी होती जिला विचारावं लागत नव्हतं. शेजारच्या वाडीतला एक मुलगा दूध आणायला गेला तो आला नाही. संध्याकाळी सासूबाई द्वारकाताईंच्या दारावरून जाताना, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "बंदुकी बाळगणाऱ्यांचं तोंड बघू नये." त्याच सासूबाई. नळावर दुसऱ्या दिवशी द्वारकाताई आल्या तेव्हा पुढच्यांनी आपापल्या कळशा जवळ ओढून घेतल्या.  तीन मिनिटं मोजायची वेळच आली नाही.

मी रात्रीच्या भाजीची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. खोलीत दिवा नव्हता. त्या खाटेवर बसल्या होत्या. "सुमन," त्या म्हणाल्या, "मला तो आवाज आवडतो ग. लहानपणापासून. राजा शिकारीला निघाला की बापाच्या मांडीवर बसून ऐकलेला. आज हे कुणाला सांगू?"

मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, "भाजीत मीठ कमी आहे." वयाच्या एकोणिसाव्या वर्षी सगळं कळणारी मी!

दंग्यामुळे परवान्याच्या बंदुका चौकीत जमा करायचा हुकूम आला. द्वारकाताई खाकी पिशवी घेऊन स्वतः गेल्या, रिकाम्या खांद्यानं परत आल्या. मला वाटलं सुटले, आता रविवारी झोपता येईल. तर रविवारी सकाळी त्या धुणं वाळत घालायची काठी घेऊन गॅलरीत उभ्या. मला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं, तुपाच्या डब्यांची झाकणं देऊन. "मी म्हटलं की फेक."

"सोड!"

मी झाकण फेकलं. त्यांनी काठी फिरवली. झाकण चौकात खणखणलं. कबुतरांचा थवा फडफडत वर उठला आणि खालून शेठ ओरडले, "बेन! आता खरंच मारशील!"

द्वारकाताई हळूच म्हणाल्या, "लागला." दुसऱ्या झाकणाला, "चुकला. मागे राहिले."

"काठीनं लागला की चुकला हे कसं कळतं?" मी वरून विचारलं.

"कळतं. खोटं बोलायला इथे दुसरं आहे कोण?"

कितीतरी रविवार हे चाललं. पोरं हसायची, नकला करायची. काठीनं नेम धरून "सोड!" म्हणणं हा चाळीतला खेळच झाला. सणासुदीला मात्र झाकणं थांबत, कारण सणाची ड्यूटी नेहमी द्वारकाताईंची. बोर्डावरच्या बाकीच्या मुलींना घरं होती. "सणाला बोर्ड दिव्यांनी भरून जातो," त्या सांगत, "सगळ्यांना सगळ्यांशी बोलायचं असतं." हे सांगताना त्यांचा स्वर अगदी सरळ असे, पावसाळी हवेचं सांगावं तसा.

बंदूक परत मिळाली आणि आम्ही पुन्हा वरळीला जाऊ लागलो. एके दिवशी रुस्तमजी घाम पुसत आले. "ताई, सांभळ, ऐक! परदेशात मोठी स्पर्धा हाय. धावायचा, पोहायचा, कुस्ती, सगळा खेळ एकत्र. देशोदेशीचा लोक येणार. आणि या वेळी बायकांच्या पाखरांचा पण सामना हाय." सामना मुख्य खेळाच्या कडेला ठेवलेला, हळदीकुंकवाच्या तबकात अत्तरदाणी ठेवतात तसा. पण मैदान तेच, पंच तेच आणि पहिल्या तिघींना उभं राहायला चौथरा तोच.

द्वारकाताईंनी उरलेली काडतुसं मोजून पिशवीत ठेवली. परतताना बसच्या थांब्यावर म्हणाल्या, "दिवसभर मी लोकांची नावं पुकारते. पुणे बोला, अमुक शेठ लाईनवर आहेत. माझं नाव कुणी पुकारलेलं मी ऐकलेलंच नाही ग. तिथे जिंकणाऱ्याचं नाव कर्ण्यावरून पुकारतात म्हणे. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं." मग अगदी बोर्डावरच्या आवाजात, एक एक अक्षर सुटं करून त्यांनी ते म्हणून दाखवलं. "द्वारका बाबाजी राणे. बापाच्या नावासकट. एकदा ऐकायचंय."

निवडीच्या सामन्याला एक मिशीवाले निवृत्त अधिकारी पंच होते. त्यांनी द्वारकाताईंकडे पाहून शिपायाला हाक मारली, "बाईंसाठी खुर्ची आणा." द्वारकाताई म्हणाल्या, "आणा. सुमन, बस तू." आणि पुरुषांच्या बरोबरीनं उभं राहून इतकी पाखरं फोडली, की शेवटी मिशीवाल्यांना स्वतःलाच बसायला खुर्ची हवी झाली. मी उठले नाही.

निवड झाली. आता माझी दुसरी चूक. कबुतरांची पहिली अज्ञानानं केली होती, तिला क्षमा आहे. ही मी अभिमानानं केली.

रुस्तमजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "डीकरी, आता 'सोड' बंध कर. तिथे दोरीवाला परदेशी. 'पुल' बोलायची सवय लाव ताईला." द्वारकाताईंनाही ते पटलं होतं. त्या रविवारी त्यांनी बंदूक उचलली आणि म्हणाल्या, "पुल."

मी दोरी ओढली नाही.

"पुल!"

मी क्षितिजाकडे बघत उभी. "ऐकू नाही आलं," मी म्हटलं. "मराठीत सांगा."

"सुमन, वेळ नाही."

"वेळ त्यांना नाही. तिथं साऱ्या जगासमोर एक मराठी शब्द घुमू दे की. सोड म्हणायचं आणि वर बघायचं. शिकतील मेले." काय तो माझा आवेश! कमरेला पदर, हातात दोरी, जणू मुंबई मीच अडवून धरली होती. द्वारकाताई आधी रागावल्या, मग त्यांना हसू आलं. त्यांना हसताना मी दोनतीनदाच पाहिलं असेल. त्यात मला आणखी चेव आला. मग प्रत्येक रविवारी तोच खेळ. त्यांनी "पुल" म्हणायचं, मी बहिरी व्हायचं, त्यांनी हसायचं आणि शेवटी हार मानून "सोड" म्हणायचं. मला वाटे, या एकट्या बाईला मी हसवते आहे. केवढं पुण्य!

त्या निघाल्या त्या दिवशी चाळीत पुन्हा माणुसकी आली. सासूबाईंनी कुंकू लावलं, हातावर दही दिलं आणि डोळे पुसले. जणू द्वारकाताईंच्या दाराशी त्या कधी काही बोलल्याच नव्हत्या, असे पुसले. शेठनी चौकातली ती चकती धुऊन पुसून पुढे केली: "हे घेऊन जा, शकुनाचं." द्वारकाताई म्हणाल्या, "राहू दे, शेठ. कबुतरांचं पाणी मोडू नका."

त्या परत आल्या तेव्हा आम्ही दारावर तोरण लावलं होतं. त्या जिना चढून आल्या, खांद्याला खाकी पिशवी. गळ्यात कुणी हार घातला. "चौथी आले," त्या म्हणाल्या. आम्ही म्हटलं, वा वा, जगात चौथी म्हणजे काय चेष्टा आहे! त्या म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली," आणि दार लावून घेतलं.

तीन मिनिटं झाली नव्हती. अर्धं मिनिटसुद्धा झालं नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या रविवारी त्या वरळीला निघाल्या नाहीत. मी एकटीच गेले. रुस्तमजी रिकाम्या खड्ड्यापाशी बसले होते. बरोबर गेले होते ते, म्हणून त्यांना सगळं ठाऊक.

"पहिलाच पाखरू," ते म्हणाले. "ताई उभी राहिली. झक्कास. बंदूक वर. आणि बोलली, 'सोड!'" त्यांनी हात पसरले. "दोरीवाला नुसता बघतोय. त्याला वाटला, बाई खोकली. ताई परत बोलली, 'सोड!' तो अजून बघतोय. ताई बंदूक खाली घ्यायला लागली, तेवढ्यात साला त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि त्यानं पाखरू सोडला. ताईनी घाईत झाडली, चुकली. बार झाला म्हणजे पाखरू मोजला. गेला तो."

"मग?"

"मग काय. पुढे 'पुल' बोलली. एकेक शब्द असा आठवून आठवून, परक्याच्या घरी चमचा धरतात तसा. तरी फोडले, डीकरी, लई फोडले. एका पाखरानी चौथी." ते समुद्राकडे बघत राहिले. "तिघींचा नाव पुकारला कर्ण्यावर. ताई उभी राहून ऐकत होती. चौथीचा नाव नाय पुकारत."

घरी येऊन मी त्यांच्या दारापर्यंत तीनचारदा गेले. दर वेळी हातात काहीतरी घेऊन, भाजी, लोणचं. तोंड उघडायची आणि म्हणायची, "मीठ बघा." त्या बघून सांगत, "बरोबर आहे." मला त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही. पुन्हा वरळीलाही गेल्या नाहीत. काठी धुण्याकडे परत गेली.

पुढे ह्यांना दादरला जागा मिळाली आणि आम्ही चाळ सोडली. सामान खाली उतरवून टेम्पोत चढताना मी वर पाहिलं. द्वारकाताई गॅलरीत होत्या. डावा डोळा मिटलेला, नजर आमच्यावर नव्हे, आमच्या पुढे, वाडीच्या तोंडाशी. त्या नेहमी म्हणत, पाखरू आहे तिथे बघायचं नसतं, जाणार आहे तिथे बघायचं. आम्ही तिथे पोचलो तेव्हा त्या आत गेल्या होत्या. खाली चौकात काळ्या चकतीतून कबुतरं पाणी पीत होती.

आणि मग महाराष्ट्र झाला. मुंबईसह. त्या संध्याकाळी दादरला रोषणाई होती, पेढे होते, हे कुणाच्या तरी खांद्यावर बसून गुलालात न्हाले होते. मी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे गेले आणि बेळगावचा ट्रंक कॉल लावायला सांगितला. फोन शेजारच्या पेढीवर होता, तिथे वडिलांना बोलावून आणणार होते. बऱ्याच वेळानं घंटी वाजली. "बेळगाव बोला," असं कुणी म्हणालं, पण मला कुठलं भान!

"बाबा, झाला!" मी ओरडले. "महाराष्ट्र झाला!"

"तुमचा झाला," बाबा म्हणाले. "आम्ही राहिलो, बाळ. बेळगाव राहिलं." मग  दोघं नुसते फोन धरून. बाहेर फटाके. मग त्यांनी आईच्या गुडघ्याचं सांगितलं, मी माझ्या धाकट्या मुलाच्या दाताचं सांगितलं, आणि पुन्हा गप्प, आणि पुन्हा थोडं. कुणी मध्ये बोललं नाही. डॉक्टर घड्याळाकडे बघून खाणाखुणा करत होते. शेवटी बाबांनीच फोन ठेवला.

मी कानाला लावूनच उभी राहिले. लाईन तुटली नव्हती. दूरवर, पाण्याखालून यावेत तसे, कुणाकुणाचे बोलण्याचे आवाज येत होते, आणि त्यांच्या अलीकडे कुणाचा तरी श्वास. सणाची ड्यूटी.

"द्वारकाताई?" मी म्हटलं. "मी सुमन. ते पहिलं पाखरू... माझ्यामुळे गेलं. मला माहीत आहे. रुस्तमजींनी सांगितलंय मला. मी तेव्हा दोरी..."  आणि त्या बोर्डावरच्या त्यांच्या स्वच्छ, सरळ आवाजात म्हणाल्या:

"सोड गो, सुमन. तुझी तीन मिनिटं केव्हाच झाली."